मंत्रिमहोदय, गाडी सोडून बाकी सगळं चालू आहे

प्रति,
मा. केंद्रीय ग्राहक व्यवहार मंत्री,
नवी दिल्ली

महोदय,
सप्रेम नमस्कार.

24 डिसेंबरला राष्ट्रीय ग्राहक दिन थाटात पार पडला, त्याबद्दल आपलं अभिनंदन. त्याच संध्याकाळी मला माझ्या गाडीच्या कंपनीची ईमेल आली. वॉरंटीतली दुरुस्ती चालू असताना ग्राहकाला पर्यायी गाडी देण्याचं आमचं धोरण नाही, आणि शोरूममध्ये कुणी तोंडी काही सांगितलं असेल तर त्याला आम्ही बांधील नाही, असं तिच्यात लिहिलंय. खाली 'आमची सेवा कशी वाटली?' म्हणून पाच चांदण्या. चांदण्या देण्याऐवजी हे पत्र लिहायला बसले.

मी साताऱ्यात राहते आणि मेढ्याच्या बाजूला एका माध्यमिक शाळेत गणित शिकवते. 22 सप्टेंबर 2025 ला आपल्या सरकारने लहान गाड्यांवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आणला. बचत उत्सवाच्या जाहिराती आल्या, आणि आम्हीही त्या उत्सवात सामील झालो. जुनी गाडी एक्स्चेंजमध्ये दिली आणि दसऱ्याला नवी घेतली. टर्बो पेट्रोल, ड्युअल क्लच ऑटोमॅटिक. शोरूममध्ये मी एकच प्रश्न विचारला होता, कारण घरात दुसरी गाडी उरणार नव्हती: ही बंद पडली तर काय? विक्रेता पेढ्याचा बॉक्स पुढे करत म्हणाला, "तीन वर्षं वॉरंटी आहे मॅडम. आणि काम लांबलंच तर आपण दुसरी गाडी देतो ना वापरायला." पेढा तेवढा खरा निघाला.

दिवाळीच्या आधीच, पुण्याहून परतताना खंबाटकीच्या घाटात गिअरबॉक्स तापल्याचा इशारा स्क्रीनवर आला आणि गाडीने मान टाकली. शेजारी माझे वडील होते. अण्णा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. डोळ्याच्या पडद्याला सूज आहे, म्हणून दर महिन्याला पुण्याला इंजेक्शन घ्यावं लागतं. त्याच दिवशी ते दिलं होतं. मागून ट्रकवाले हॉर्न मारतायत, अण्णा डोळ्यावर हात धरून बसलेत, आणि मी रोडसाइड असिस्टन्सच्या बाईंना सांगतेय की 'जवळची खूण' म्हणून घाट सोडून दुसरं काही नाही. टोइंगची गाडी येईपर्यंत अंधार पडला.

तेव्हापासून गाडी वर्कशॉपात. आधी स्कॅनर लावून सॉफ्टवेअर अपडेट केलं, टेस्ट घेतली, ओके म्हणून परत दिली. शाळेपर्यंत पोहोचायच्या आत तोच इशारा. मग ट्रान्समिशनचा कंट्रोल मॉड्यूल, म्हणजे गिअरबॉक्सचा इलेक्ट्रॉनिक मेंदू, बदलायचा ठरला. त्याला कंपनीचं अप्रूव्हल यायचं होतं. ते आलं, तर पार्ट बॅक ऑर्डरला गेला, म्हणजे साठ्यात नाही, येईल तेव्हा येईल. सर्व्हिस ॲडव्हायजर प्रत्येक वेळी "मंगळवारी नक्की" म्हणतो, कुठल्या महिन्यातला ते सांगत नाही. वर्क्स मॅनेजरने एकदा "सरांना पाठवा ना, त्यांना समजावतो" असंही सुचवून पाहिलं. जॉब कार्ड माझ्या नावावर, कर्ज माझ्या पगारावर, आणि समजून घ्यायला सर!

सगळ्यावर कडी म्हणजे ई-चलन. गाडी त्यांच्या ताब्यात असताना वेगमर्यादा ओलांडल्याचा दंड मला आला. वर्कशॉपातल्या पोराने टेस्ट ड्राइव्ह घेतली होती. म्हणजे तेवढ्या पाच मिनिटांपुरता गिअरबॉक्स उत्तम चालत होता म्हणायचं. दंड कुणी भरायचा यावर अजून खल चालू आहे.

अप्रूव्हलची वाट बघत असतानाच कॉल सेंटरमधून फोन आला होता, "मॅडम, फीडबॅकमध्ये दहापैकी दहा द्या, नाहीतर आमच्या मुलांचा इन्सेन्टिव्ह कापतात."

महोदय, या काळात काय काय थांबलं नाही ते ऐका. कर्जाचा हप्ता पाच तारखेला वेळेवर कापला जातो. विम्याचे दिवस सरतायत. राज्य सरकारने पेट्रोल गाडीचा 12 टक्के रोड टॅक्स 15 वर्षांचा एकदम आगाऊ घेतला आहे, त्यातलेही दिवस जातायत. आणि खुद्द वॉरंटी! गाडी त्यांच्याच दारात उभी आहे, तरी तीन वर्षांचं घड्याळ टिकटिकतंय, कारण दुरुस्तीत गेलेले दिवस पुढे जोडून मिळत नाहीत. सगळं चालू आहे, बंद फक्त गाडी.

विम्यासोबत रोजचा भत्ता देणारं एक जोडकलम मी पैसे भरून घेतलं होतं. एजंटला फोन केला. तो हळहळला. म्हणाला, "ते अपघातालाच लागू होतं. गाडी ठोकली असतीत तर मिळाला असता बघा." घाटात हा सल्ला वेळेवर मिळाला असता तर विचार केला असता.

काळ्या पाटीवर पिवळे आकडे असलेली सेल्फ ड्राइव्ह भाड्याने घ्यावी, तर दिवसाला दोन-अडीच हजार. शिक्षकाच्या पगारात तो हिशोब बसत नाही, आणि तो मांडायला गणितच शिकवत असायला हवं असं नाही. म्हणून शाळेला एसटीने जाते. अण्णांना पुण्याला न्यायला शेजाऱ्यांकडे गाडी मागते. दर महिन्याला मागताना तोंड किती वेंगाडावं लागतं ते तुम्हाला कळायचं नाही. तुमच्या ताफ्यातली एक बंद पडली तर मागची पुढे येते. बाहेरच्या चांगल्या मेकॅनिककडे गाडी न्यावी, तर वॉरंटी रद्द होण्याची भीती घालतात. आई जेवू घालीना, बाप भीक मागू देईना.

आता कायद्याकडे वळते, कारण ते आपलं खातं. 2019 चा ग्राहक संरक्षण कायदा जुलै 2020 मध्ये लागू झाला. मी तो वाचला. माझ्या वॉरंटी पुस्तिकेत बारीक अक्षरांत छापलंय की गाडी वापरता न आल्याने झालेला खर्च, गैरसोय, वाया गेलेला वेळ यांची जबाबदारी कंपनीवर नाही. हा करार एकतर्फी आहे हे सातवीतलं पोरही सांगेल. कायद्यात 'अन्याय्य करार' अशी व्याख्यासुद्धा आहे. पण त्याविरुद्धची तक्रार जिल्हा ग्राहक आयोगाकडे करता येत नाही, राज्य आयोगाकडेच जावं लागतं! गाडी नसलेल्या माणसाला जास्त लांब पाठवण्यामागे काही दूरदृष्टी असेल.

जिल्हा आयोगात सदोष गाडीची तक्रार करता येते. माझ्या किमतीच्या गाडीला शुल्क 400 रुपये. तीन महिन्यांत निकाल लावायचा प्रयत्न करावा, मालाची तपासणी लागली तर पाच महिन्यांत, असं कलम 38 म्हणतं. प्रत्यक्षात काय होतं ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. सप्टेंबर 2009 मध्ये एका कंपनीने परदेशी ब्रँडची महागडी गाडी घेतली, काही दिवसांत ती बिघडली, आणि 50 लाख भरपाई द्या असं सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं ते जुलै 2024 मध्ये. ते प्रकरण फौजदारी वाटेने गेलं होतं, मान्य. पण पंधरा वर्षं! तीही त्या कंपनीला परवडली. मी कुणाच्या जिवावर लढू?

त्यात न्यायालयाने 2006 मध्येच सांगून ठेवलंय की वॉरंटी म्हणजे सदोष भाग दुरुस्त करून किंवा बदलून देणं, अख्खी गाडी नव्हे. आणि गोव्यातल्या एका ग्राहकाला डीलरने दोन वर्षं जुनी, आधीच 622 किलोमीटर पळालेली गाडी नवी म्हणून दिली, तेव्हा 2021 मध्ये निकाल लागला की डीलरच्या चुकीला कंपनी जबाबदार नाही, दोघांचे व्यवहार स्वतंत्र आहेत. जाहिरातीत कंपनी आणि डीलर एकच कुटुंब असतात. तक्रार आली की वाटण्या होतात.

चीनमध्ये 2013 पासून नियम आहे की वॉरंटीतल्या दुरुस्तीला पाच दिवसांपेक्षा जास्त लागले, तर बदली गाडी द्या नाहीतर प्रवासखर्च द्या. सुट्या भागाची वाट बघण्याचे दिवससुद्धा त्यात धरतात. त्यांनाही 'मंगळवारी नक्की' म्हणणारे भेटले असावेत. फिलिपिन्सने 2014 मध्ये लेमन लॉ, म्हणजे पुन्हा पुन्हा बिघडणाऱ्या नव्या गाड्यांसाठीचा कायदा केला, त्यात घर ते कामाचं ठिकाण असं एसी टॅक्सीचं भाडं नाहीतर वापरायला गाडी मिळते. फिलिपिन्स! अमेरिकेचं नावसुद्धा घेत नाही, तिथे राज्याराज्यांत लेमन लॉ 1982 पासून येत गेले.

आपल्याकडे विमानाला काही तास उशीर झाला तर खायला-प्यायला द्यावं लागतं, सहा तासांच्या वर गेला तर दुसरं विमान किंवा पैसे परत. हॉटेलच्या बिलात सर्व्हिस चार्ज घालू नका म्हणून जुलै 2022 मध्ये मार्गदर्शक तत्त्वं निघाली. म्हणजे मनात आलं की तुम्हाला जमतं. पनीर टिक्क्यावरच्या दहा टक्क्यांसाठी दिल्ली हलते, आणि बारा लाखांच्या गाडीसाठी काय मिळालं? 24 डिसेंबर 2022 ला, म्हणजे आणखी एका ग्राहक दिनी, 'राइट टू रिपेअर'चं पोर्टल. दुरुस्तीचा हक्क! तो माझ्याकडे भरपूर आहे. दुरुस्ती संपण्याचा हक्क हवाय.

मागणी फार नाही. वॉरंटीतलं काम पाच दिवसांपलीकडे गेलं की गाडी किंवा रोजचं भाडं. वर्कशॉपातले दिवस वॉरंटीत जोडून. तोच बिघाड चौथ्यांदा आला की पैसे परत. आणि शोरूममध्ये जे तोंडाने सांगतात ते ऑर्डर फॉर्मवर लिहून.

देशात वर्षाला चाळीस लाखांहून जास्त प्रवासी गाड्या विकल्या जातात. शंभरात एकीचं जरी माझ्यासारखं झालं, तरी चाळीस हजार घरं झाली. कंपन्या म्हणतील, बदली गाड्या ठेवल्या तर किमती वाढतील. वाढतीलही. आज तो खर्च कुणीच करत नाही असं थोडंच आहे? तो मी करतेय, माझे शेजारी करतायत, एसटी करतेय.

खरा राग कशाचा येतो सांगू? या देशात घेणारी यंत्रं सगळी अव्वल आहेत. खेड शिवापूरला, आनेवाडीला फास्टॅगमधून पैसे डोळ्याची पापणी लवायच्या आत जातात. हप्ता जातो, टीडीएस जातो, कॅमेऱ्याला वेग दिसतो आणि दंड रात्रीच्या आत मोबाइलवर येतो. त्याच यंत्रणेला उलट्या दिशेने एक रुपया पाठवायचा म्हटलं की अप्रूव्हल लागतं, मग तो पार्ट बॅक ऑर्डरला जातो.

एक विनंती. या पत्रावर 'योग्य त्या कार्यवाहीसाठी' असा शिक्का मारून ते कंपनीकडे पाठवू नका. त्यांचं उत्तर माझ्याकडे आलेलं आहे.

आपली,
एक हप्तेकरी शिक्षिका, सातारा