नोव्हेंबरात येत नाहीये, पण जानेवारी नक्की

प्रिय आई, बाबा,

फोनवर बोलायला घेतलं की रडू येतं, म्हणून लिहितेय. २२ नोव्हेंबरचं तिकीट पुढे ढकललंय, आता १७ जानेवारीला निघतोय, दोघंही, तीन आठवड्यांसाठी. तुम्हाला न विचारताच ठरवून टाकलं, माफ करा.

कारण सासूबाई. सासरे गेल्यानंतरचं हे पहिलंच थँक्सगिव्हिंग. सॅन अँटोनिओतल्या या मेक्सिकन घरांमध्ये नुसती टर्की भाजून भागत नाही, आदल्या दिवशी सगळं खानदान स्वयंपाकघरात बसून तमालेस करतं. मक्याच्या कणसावरची सुकी पानं भिजवायची, त्यावर मक्याचं पीठ पसरायचं, आत लाल मिरचीतलं पोर्क, मग घडी घालून उकडायचं. पीठ जमलं का हे बघायला चिमूटभर गार पाण्यात टाकतात, तरंगलं की झालं. ती पाण्याची वाटी दरवर्षी सासरे धरून बसायचे. यंदा सासूबाई तोंडानं काही म्हणाल्या नाहीत, पण वाटी आत्तापासूनच धुऊन ओट्यावर काढून ठेवलीये. मला नाही गं निघवत.

आई, ती पानं पहिल्यांदा बघितली तेव्हा तुझ्या पातोळ्याच आठवल्या. हळदीचं पान सोडवून पहिली पातोळी तू फुंकर मारून माझ्या हातावर ठेवायचीस, दादाच्या आधी.

आणि एक सांगायचं राहिलं. २ नोव्हेंबरला मृतांच्या दिवसाची ओफ्रेंदा मांडली, म्हणजे गेलेल्यांचे फोटो, दिवे, त्यांच्या आवडीचं खाणं, आपण सर्वपित्रीला पान वाढतो ना तसंच, आणि सगळीकडे झेंडू (तो मूळचा मेक्सिकोचाच). सासऱ्यांच्या शेजारी आप्पांचा फोटो होता. मी काहीच बोलले नव्हते, सासूबाईंनी आपणहून माझ्या फोनमधून घेऊन प्रिंट काढली आणि विचारलं, यांना चहा किती गोड लागायचा?

बाबा, तुम्हाला सनावळ्या आवडतात म्हणून: थँक्सगिव्हिंग हा लिंकननं १८६३ मध्ये राष्ट्रीय सण जाहीर केला, १९४१ च्या कायद्यानं नोव्हेंबरचा चौथा गुरुवार पक्का झाला, पण स्पॅनिश बोलणाऱ्यांनी त्याचं 'सानगिविन' करून टाकलं, एखाद्या संताचं नाव असावं तसं, आणि जेवण आपापलं. ऑफिसातली पोर्तो रिकोची मैत्रीण टर्कीला लसूण-ओरेगॅनोचं वाटण चोळते आणि सोबत चक्क तुरीच्या दाण्यांचा भात करते!

माझी काळजी करू नका, इथे थंडी फार नाही, सासूबाई डबा भरून देतात. तुम्ही मात्र ऐका. बाबा, साखर या आठवड्यातच तपासून रिपोर्ट मला पाठवायचा, मोतीबिंदूचं जानेवारीत मी असतानाच करू. आई, ओल्या गच्चीवर वाळवणाला जायचं नाही, बाथरूममध्ये दांडा बसवायला माणूस शनिवारी येईल, त्याला परत पाठवू नकोस. रागावलीस तर राग फोनवर काढ, जेवण टाकू नकोस.

जानेवारीत हळदीची पानं नसतील, माहितीये. केळीच्या पानात करशील पातोळ्या?

तुमची,
बाळी