खुब्याचं दुखणं कंबरेच्या नावावर खपतंय

संपादक साहेब, नमस्कार.

तुमच्या आरोग्य पुरवणीत गुडघ्यांवर सारखं काही ना काही येतं, बीपी-शुगर तर असतंच, पण खुब्यावर कधी वाचल्याचं आठवत नाही म्हणून लिहितोय. माझं बार्शीत मेडिकल आहे, मी डॉक्टर नाही. गिऱ्हाईक येतं, "कंबरेची गोळी द्या" म्हणतं आणि हात ठेवतं जांघेवर! अहो, खुब्याचा सांधा बिघडला की कळ बहुतेक वेळा जांघेतच येते, कधी मांडीतून गुडघ्यापर्यंत उतरते, मग लोक गुडघ्याचा एक्स-रे काढतात आणि तो निघतो नॉर्मल. मांडी घालून बसता येईना, पायाची नखं कापायला वाकलं की अडकतं, अशी तक्रार असली तर खुबा तपासून घ्याच. ढुंगणातून पायात मुंग्या जात असतील तर मात्र बहुधा मणक्याचं.

तिशी-पस्तिशीतली पोरं पण येतात. स्टेरॉइड किंवा दारू जास्त झाली की खुब्याच्या गोळ्याचा, म्हणजे मांडीच्या हाडाच्या वरच्या गोल टोकाचा, रक्तपुरवठा तुटू शकतो आणि हाड मरायला लागतं, एव्हीएन म्हणतात त्याला, २०२१ मध्ये कोविडनंतरचे असे पेशंट मुंबईच्या डॉक्टरांनी नोंदवले होते. सुरुवातीला एक्स-रे साफ येऊ शकतो, एमआरआयमध्ये दिसतं, आणि लवकर सापडलं तर सांधा वाचायची शक्यता असते, गोळा दबला की शेवटी सांधा बदलायचीच वेळ येते. आणि बाजारात एका दिवसात गुण देणाऱ्या सांधेदुखीच्या ज्या पुड्या मिळतात ना, त्यातल्या काहींत स्टेरॉइडच मिसळलेलं असतं, म्हणजे बघा!

म्हातारं माणूस बाथरूममध्ये पडलं, उभं राहता येईना, पाय आखूड आणि बाहेरच्या बाजूला वळलेला दिसला तर चोळू नका, चालवून तर अजिबात बघू नका, तडक हॉस्पिटल गाठा, कारण खुब्याचं हाड मोडलेलं असू शकतं आणि त्याचं ऑपरेशन शक्यतो एक-दोन दिवसांत झालेलं बरं. पोराला ताप आहे आणि ते पाय टेकवत नाही, तर सकाळची वाट न बघता त्याच रात्री दाखवायचं. बाकी साधी कळ आरामाने बसते, पण दोन-तीन आठवडे झाले, लंगडायला होतंय, रात्री झोप मोडतेय, तर माझ्याकडून नुसत्या पेनकिलर नेऊ नका, किडनीची वाट लागते. (माझाच धंदा बुडवतोय मी, चालायचंच.)

कुठं दुखलं तर काय असू शकतं याचं एक मोठं चित्र पुरवणीत छापा ना साहेब, काउंटरवर चिकटवतो.

— एक मेडिकलवाला, बार्शी