पुसलेल्या फाइली आणि मदतीची घाई

मा. संपादक,
स. न. वि. वि.

३१ मार्च हा 'जागतिक बॅकअप दिन' असतो हे मला गेल्या वर्षी कळलं, तेही त्याच्या तीनच आठवडे आधी स्वतःच्या हाताने नुकसान करून बसले म्हणून.

आईने मामाला लिहिलेली पत्रं मी दोन वर्षं टाइप करत होते. कागदांचे स्कॅन आणि खाली माझ्या टिपा: कोण कोणाची नणंद, कुठली तारीख आईने चुकीची घातलीय. 'पत्रे' आणि 'पत्रे जुनी' अशी दोन फोल्डर एकाखाली एक होती. जुनं काढायला गेले नि वरचं निवडलं. त्यात मला खोड शिफ्ट दाबून डिलीट करायची, म्हणजे रिसायकल बिनचा टप्पाच नाही. 'कायमचं काढायचं का?' असं संगणकाने विचारलंही. पण ती चौकट वाचतं कोण?

खरी गफलत पुढेच झाली. भाचा धावत आला आणि फाइली परत आणणारं सॉफ्टवेअर त्याने त्याच डिस्कवर टाकलं. पुसलेल्या फाइलीतला मजकूर लगेच जात नाही, 'ही जागा मोकळी' एवढीच नोंद होते. वहीची अनुक्रमणिका फाडली, पानं तशीच. मात्र नवं काही लिहिलं की ते नेमकं त्या पानांवर पडू शकतं. नुसता ब्राउझर उघडा असला तरी डिस्कवर लिखाण चालूच असतं.

एका जाणकार मैत्रिणीने फोनवर दम भरला, "आधी मशीन बंद कर." मग डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला जोडली, फोटोरेक हे मोफत सॉफ्टवेअर चालवलं आणि सापडेल ते तिसऱ्याच डिस्कवर घेतलं. ते फाइलींची नावं बघत नाही, प्रत्येक प्रकारच्या फाइलीच्या सुरुवातीची ठरलेली खूण हुडकतं. त्यामुळे सकाळी समोर आल्या चार हजारांवर फाइली, नाव म्हणजे 'एफ' आणि पुढे नुसते आकडे. आठवडाभर एकेक उघडत बसले. काही स्कॅनमध्ये वर आईचं अक्षर आणि अर्ध्यापासून खाली करडा पट्टा. ३१ पत्रं आलीच नाहीत.

तरी माझी डिस्क फिरत्या तबकडीची होती. एसएसडीत, म्हणजे तबकडीऐवजी चिपवर साठवणाऱ्या डिस्कमध्ये, ट्रिम नावाची सोय असते, पुसलेली जागा ती लवकरच साफ करून टाकते. तिथे बहुतेकदा हात हलवत परतावं लागतं.

"आमचं सगळं क्लाउडवर असतं" हे उत्तर आता हमखास ऐकू येतं. पण सिंक केलेल्या फोल्डरमधली फाइल इथे पुसली की तिथूनही जाते. गुगल ड्राइव्हची कचरापेटी ती ३० दिवस सांभाळते. माझ्यासारखीला चूक दोन महिन्यांनी कळली तर?

आता माझ्याकडे तीन प्रती असतात, दोन वेगळ्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या घरी. बाहेरची डिस्क काम झालं की काढून ठेवते, कारण जोडलेली राहिली तर व्हायरस तिलाही धरतो. आणि अधूनमधून त्यातली एखादी फाइल उघडून बघते.

राहिलेल्या ३१ पत्रांसाठी मामेभावाकडे पुन्हा शब्द टाकला. "मागे दिली होती ना?" एवढंच म्हणाला बिचारा. परवा त्याने २२ पत्रांचे फोटो पाठवले. उरलेले नऊ कागद घडीवर फाटलेत, जुळवायला वेळ लागेल म्हणतो.

आपली,
एक वाचक