गोळी न सोडता मेथी कशी घ्यायची

ती. बाबा आणि आई,
सा. न.

रक्तातली साखर उतरवणाऱ्या चूर्णांबद्दल विचारलंत, म्हणून सविस्तर लिहिते.

झाडपाल्यात औषध असतं, यात शंका नाही. बाबा, तुमच्या मेटफॉर्मिन या मधुमेहाच्या गोळीचं मूळ गॅलेगा नावाच्या झुडपात आहे. त्यातलं गॅलेजिन साखर उतरवायचं, पण विषारी ठरलं. त्याच जातकुळीतलं, शरीराला सोसणारं मेटफॉर्मिन प्रयोगशाळेत तयार झालं आणि १९५७ मध्ये जाँ स्टर्न यांनी ते मधुमेहावर चालतं हे मांडलं. गोळीत औषध मोजून असतं. पाल्यात ते पीक, जमीन, साठवण यांप्रमाणे कमीजास्त होतं.

घरच्या घरी करायचं तर मला मेथीच त्यातल्या त्यात भरवशाची वाटते. तिचा चिकट तंतू पाण्यात फुगतो आणि जेवणातली साखर रक्तात सावकाश जाऊ देतो. म्हणून मेथी जेवणाबरोबरच हवी. नुसतं पाणी पिऊन दाणे टाकू नका, बराचसा तंतू दाण्यातच राहतो. पहिला आठवडा एक चमचा दाणे, म्हणजे चार-पाच ग्रॅम, रात्रभर भिजवून. सोसलं तर दोन चमचे. एकदम वाढवलं की पोट फुगतं, जुलाब होतात. तोच चिकटा गोळ्याही अडवू शकतो, म्हणून ज्या जेवणाला गोळी नसते ते जेवण मेथीसाठी निवडा आणि आधी-नंतर दोन तास गोळी नको. आई, तुझ्या थायरॉईडच्या गोळीपासून तर चार तासांचं अंतर ठेव. रक्त पातळ करणारी गोळी असेल तर मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय मेथी सुरूच करू नका.

कारल्याच्या रसाचे प्रयोगांतले निकाल एकमेकांशी जुळत नाहीत. मला काळजी ग्लिमेपिराइड या साखरेच्या दुसऱ्या गोळीची वाटते. ती स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते. त्यावर रस प्यायलात आणि जेवण लांबलं, तर साखर घसरू शकते. घाम, थरथर, गोंधळल्यासारखं वाटलं की लगेच मोजा. ७० च्या खाली असेल तर १५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून घ्या, १५ मिनिटांनी पुन्हा मोजा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, थेट दवाखाना.

दारुहळदीतलं बर्बेरिन साखर खरंच उतरवतं, पण यकृतात इतर औषधांचं विघटन मंदावतं, त्यामुळे कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्या अंगात साठू शकतात. ते आपल्या मनाने नकोच. आणि घटक न छापलेल्या चूर्णाने चार दिवसांत साखर धाडकन उतरली, तर आधी शंका घ्या: अशा चूर्णांत ग्लिबेनक्लामाइड हे साखर उतरवणारं औषध मिसळलेलं सापडलेलं आहे.

मेथी सुरू करण्याआधी आठवडाभर उपाशीपोटीची आणि जेवणानंतर दोन तासांची साखर वहीत लिहा, नंतरही लिहीत राहा. एचबीए१सी, म्हणजे दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी तपासणी, तीन महिन्यांनी करा, त्याआधी त्यात पूर्ण फरक दिसत नाही. वही डॉक्टरांना दाखवा. गोळी कमी करायची की नाही, हे वही पाहून तेच ठरवतील. तोवर एकही गोळी चुकवू नका, बाबा.

तुमची,
लेक