अळ्या फवारणीमुळे गेल्या की फवारणीनंतर?

मा. वनमंत्री महोदय,
स. न. वि. वि.

हेलिकॉप्टरने फवारणी केली आणि आठ दिवसांत जंगलातल्या अळ्या नाहीशा झाल्या, असा अहवाल कधी ना कधी आपल्या टेबलावर येईल. सही करण्याआधी एवढंच विचारा: शेजारच्या, न फवारलेल्या जंगलात त्या आठ दिवसांत काय झालं?

पानं फस्त करणाऱ्या अळ्या पूर्ण वाढल्या की आपणहून खाणं थांबवतात आणि कोषात जातात. झाडं ओकीबोकी होऊन ओरड सुरू होते, तोवर बहुतेकींची वाढ संपत आलेली असते. त्यानंतर निविदा, परवानग्या, हेलिकॉप्टर. एवढ्या उशिरा वरून नुसतं पाणी शिंपडलं तरी अहवालात यशच दिसेल! म्हणून चाचणीत फवारलेले आणि न फवारलेले असे अनेक तुकडे हवेत, आणि कोणते फवारायचे ते चिठ्ठ्या टाकून ठरावं. साहेबांना दाखवायला सोपा म्हणून रस्त्याकडेचा पट्टा निवडला, की चाचणी तिथंच बाद.

मोजणी अवघड नाही. उंच शेंड्यावरच्या अळ्या खालून दिसत नाहीत, पण झाडाखाली पांढरं कापड अंथरून तासाभरात पडलेल्या लेंड्या मोजल्या की वर किती खाणं चाललंय ते कळतं. (पाऊस आला की मोजणी बंद, लेंड्यांचा चिखल होतो.) थेंब पडताच निळा होणारा पिवळा कागद शेंड्यावर, जमिनीवर आणि ओढ्याकाठीही लावा. औषध पानावर किती उतरलं, वाऱ्याने किती नेलं, ते त्यावर दिसतं.

‘बीटी’, म्हणजे जिवाणूपासून बनवलेलं अळीनाशक, जैविक आहे, मग काळजी कसली, असं आपल्याला सांगितलं जाईल. जहाल रसायनांपेक्षा ते बरंच. पण ते अळीच्या पोटात जावं लागतं, लहान अळ्यांवरच नीट चालतं, उन्हात काही दिवसांत निकामी होतं आणि निरुपद्रवी फुलपाखरांच्या अळ्याही मारतं. त्यांचीही मोजणी हवी.

ओढ्यातल्या जिवांचीही. कॅनडातल्या न्यू ब्रन्सविकमध्ये 1954 साली स्प्रूस या सूचिपर्णी झाडावरच्या अळीसाठी विमानांतून डीडीटी हे रासायनिक कीटकनाशक फवारलं, तेव्हा मिरामिची नदीतली सामन माशांची पिल्लं मोठ्या संख्येने मेली.

मोठ्या फवारणीची निविदा निघण्याआधी फवारलेल्या आणि न फवारलेल्या तुकड्यांचे आकडे शेजारी-शेजारी छापून जाहीर करावेत, ही विनंती. न फवारलेल्या तुकड्यांचा रकाना रिकामा असेल, तर अहवाल परत पाठवा.

आपला,
वनकीटकांचा एक अभ्यासक