'भूमिका' कात्री न लावता दाखवा

संपादक महोदय,

'भूमिका' (1977) या चित्रपटाची ओळख 'स्वैर नटीची शोकांतिका' अशी करून दिली जाते, तेव्हा वाईट वाटते. अभिनेत्री हंसा वाडकरांच्या 'सांगत्ये ऐका' या आत्मचरित्रावर बेतलेला श्याम बेनेगल यांचा हा चित्रपट नीट पाहिला, तर नायिका उषाच्या पडझडीचे कारण व्यवहारात सापडते. कमावते ती, पण कामे ठरवणारा आणि पैसा हाताळणारा नवरा केशव. घर सोडले तरी तिच्या हाती काय उरते? पुढे ती ज्याच्यासोबत राहू लागते त्या जमीनदार काळेच्या वाड्यावर त्याच्या मुलाला जत्रेला न्यायचे म्हटले, तर परवानगीशिवाय बाहेर पाऊल टाकायचे नाही, असे सुनावले जाते. उर्वशी या नावाने पडद्यावर वावरणारी नटी तिथे संपलेली असते आणि उषालाही कोणी विचारत नाही.

उषाच्या बालपणीचा भाग छायालेखक गोविंद निहलानी यांनी कृष्णधवल टिपला आहे. दूरचित्रवाणीवर जाहिरातींसाठी नेमकी त्यालाच कात्री लागली, की पुढचे तिचे निर्णय निव्वळ लहरी वाटू लागतात. आजीकडून आलेले गाणे आणि आईचा सिनेमाला विरोध, दोन्ही त्याच भागात आहेत. वाहिन्यांनी आणि फिल्म सोसायट्यांनी हा चित्रपट अखंडच दाखवावा. उषा साकारणाऱ्या स्मिता पाटील यांचे राष्ट्रीय पुरस्कारप्राप्त काम तुकड्यांत कळणारे नाही.

– एक वाचक, कोल्हापूर