शंभरी ओलांडलेले अण्णा कर्वे

प्रिय मंगेश,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. नव्वदी झाल्यावर आजोबा सारखं म्हणतात ना, की आता जगून करायचं काय? त्यांना धोंडो केशव कर्व्यांबद्दल सांग. मला त्या माणसाचं फार वाटतं.

एप्रिल १८५८चा त्यांचा जन्म. तेव्हा झाशीची राणी अजून लढत होती. ते गेले नोव्हेंबर १९६२ला, चीनचं युद्ध चालू असताना. पण मला या तारखांपेक्षा एक गोष्ट जास्त अस्वस्थ करते. विधवाविवाहाचा कायदा त्यांच्या जन्माआधीच, १८५६ला झाला होता. तरी १८९३ला त्यांनी विधवा असलेल्या गोदूबाईंशी पुनर्विवाह केला, तेव्हा त्यांच्या गावच्या लोकांनी, मुरुडकरांनी, त्यांच्यावर बहिष्कार घातला. स्वतःच्या घरी उतरायची चोरी! सदतीस वर्षांत कायदा दापोली तालुक्यातल्या त्या गावात पोचलाच नव्हता.

तो पोचवायला माणूस लागतो, आणि त्याच्या हाताशी भरपूर वर्षं लागतात. १९००मध्ये त्यांचा विधवांचा आश्रम पुण्याजवळ हिंगण्याच्या माळावर गेला. फर्ग्युसनमध्ये दिवसभर गणित शिकवायचं आणि मग आश्रमाचं सामान घेऊन पायी हिंगणं गाठायचं. पावसाळ्यात त्या वाटेवर चिखल किती असेल, विचार कर. आणि हे वर्षानुवर्षं.

अठ्ठावन्नाव्या वर्षी, १९१६ला, त्यांनी महिला विद्यापीठ काढलं. आपल्याकडे त्या वयात लोक निवृत्तीचे हिशेब मांडतात. १९३६ला, अठ्ठ्याहत्तरीत, खेड्यांतल्या शाळांसाठी मंडळ स्थापन करून पुन्हा वर्गणी मागत दारोदार! शंभराव्या वर्षी भारतरत्न मिळालं, टपाल तिकीटही निघालं.

एक मात्र आजोबांपासून लपवू नकोस. एवढ्या आयुष्याची किंमतही मोजावी लागते. पहिली पत्नी राधाबाई १८९१ला गेल्या, गोदूबाई म्हणजे बाया १९५०ला. थोरला मुलगा रघुनाथ, ज्यानं संततिनियमनाच्या प्रचारापायी स्वतःची नोकरी घालवली, तो १९५३ला गेला. त्यानंतरही अण्णा नऊ वर्षं जगले. बरोबरीचे टिळक, आगरकर तर कधीच गेले होते.

आजोबांना लिहायला सांग. त्यांच्या लहानपणी गावात काय चालत नव्हतं आणि ते कोणी चालू केलं, एवढंच. वही मी पाठवतो. दिवाळीत पुण्याला आलात की त्यांना कर्वेनगरला घेऊन जाऊ. जुनं हिंगणं तेच.

काकूंना नमस्कार.

तुझा,
सुधीर